व्हय म्हाराजा, दोन टक्के

पेडणे तालुक्यात माझ्या साडूंनी विकून दिली नाही अशी जमीन एक तर समुद्राच्या पाण्याखाली असेल, नाही तर कोर्टात. या दोन जागा सोडल्या, तर मोरजीच्या वाळूपासून धारगळच्या काजूंपर्यंत असा तुकडा नसेल, ज्याच्या हद्दीवरून साडूभाऊ चपला हातात घेऊन चाललेले नाहीत. आणि याच तालुक्यात, ठरलेलं कमिशन ठरल्या दिवशी पुरतं हातावर ठेवणारा विकणारा अजून जन्माला यायचा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी पेडण्यात मराठीचा शिक्षक, म्हणून ते मला मास्तर म्हणत आणि मी त्यांना साडूभाऊ. गोवा राज्य झालं त्या सुमारास त्यांच्या धंद्याला दलाली म्हणत. पुढे नदीवर पूल झाला, फेरीबोट गेली, तेव्हा त्याचं नाव एजन्सी झालं, आणि मुंबई-दिल्लीची माणसं गाड्या घेऊन उतरू लागली तेव्हा प्रॉपर्टी कन्सल्टन्सी. नावं तिन्ही बदलली, साडूभाऊ तेच राहिले. तीच करड्या रंगाची स्कूटर, तीच लांब दांड्याची छत्री आणि स्कूटरच्या डिकीत बारा महिने एक सोललेला नारळ, पानाचा विडा आणि विड्यांचं एक बंडल. त्या विड्या ते स्वतः कधी ओढत नसत. त्या देवचाराच्या, म्हणजे रात्री जमीन राखत फिरणाऱ्या राखणदाराच्या होत्या.

जमीन दाखवायची त्यांची तऱ्हा अशी, की ती पाहून दुसरा कुठलाही दलाल धंदा सोडून पळून गेला असता. हद्दीवर आले की ते चपला काढत, कारण प्रत्येक जमिनीला राखणदार असतो आणि त्याच्या अंगणात चपला घालून जात नाहीत. मग विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखत. आणि मग गिऱ्हाइकाकडे वळून, विकणारा शेजारी उभा असताना, आपल्या पेडणेकरी हिंदीत सांगत, "इदर पावस में घुटनेतक पानी रहता. बाजूवाला भांडखोर है. रात को देवचार फिरता, लेकिन वो चांगला है. बाकी जमीन अच्छा." विकणाऱ्याचा चेहरा आंबट व्हायचा. तो त्यांना बाजूला ओढून दबक्या आवाजात विचारायचा, "तुमी माझी जमीन विकतास काय तिची बदनामी करतास?" साडूभाऊ शांतपणे म्हणायचे, "घेणाऱ्याक आज कळला नाय तर पावसात कळतला. मगे तो माका सोदीत येतलो, तुका नाय." गंमत अशी, की ही बदनामी ऐकूनच गिऱ्हाईक जमीन घ्यायचं. इतकं वाईट सांगणारा माणूस उरलेलं खोटं सांगत नसणार, असं त्याला वाटे, आणि ते बरोबरच होतं.

त्या दिवसांत आमच्याकडे मराठी की कोकणी, हा वाद घराघरांत शिरला होता. सख्खे भाऊ एकमेकांच्या घरी पाणी पीत नव्हते. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे मी तावातावाने बोलायचो आणि साडूभाऊंनी कुठली तरी एक बाजू घ्यावी म्हणून त्यांच्या मागे लागायचो. एकदा कंटाळून ते म्हणाले, "मास्तरानू, जमीन विकणारो रडता मराठीत, घेणारो हसता इंग्लिशीत, आणि कमिशन देवचा नाय ह्या सांगतत ते कोकणीत. माका तिनय भाशा लागतत." घरी येऊन मी ते बायकोला ऐकवलं. शाळेत मात्र मी हे वाक्य कुणाला सांगितलं नाही.

कमिशन बुडवण्याच्या कलेत आमच्या तालुक्याने जी प्रगती केली, तिची दखल सरकारने घ्यायला हवी होती. सौदा होण्याआधी विकणारा साडूभाऊंना ओटीवर कदेलीत, म्हणजे घरातल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीत बसवायचा, सोलकढी द्यायचा आणि म्हणायचा, "दोन टक्के? तुमी काय भायले? तुमी घरचेच मरे!" खरेदीखत झालं की तोच माणूस त्याच ओटीवर उभा राहून म्हणायचा, "घरच्या माणसान कमिशन घेवचा? लोक काय म्हणतले?" कुणाला एकाएकी बहीण आठवायची, जिला हिस्सा द्यायचा राहिला होता. कुणी म्हणायचा, गिऱ्हाईक तर आपल्याआप येतच होतं, तुम्ही फक्त वाट दाखवली. अगदीच दया आली, तर घरातली एखादी निरुपयोगी वस्तू साडूभाऊंच्या स्कूटरला बांधून द्यायचे. त्यामुळे त्यांच्या भाड्याच्या तीन खोल्या म्हणजे बुडालेल्या कमिशनचं संग्रहालय झालं होतं. हरमलच्या व्यवहारात मिक्सर आला, पार्श्याच्या व्यवहारात दार न लागणारं कपाट, धारगळच्या व्यवहारात वर बघून फिरणारा पंखा, आणि कोरगावच्या एका बड्या घराण्याने दिलेला कोंबडा. माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती या वस्तूंना गावांच्याच नावाने हाक मारायची. "हरमल लय आवाज करता," "पार्श्यात साडी ठेवलंय ती काढ," असं तिचं चाले. एकदा ती माझ्या बायकोला सांगत होती, "कोरगाव आज सकाळधरना आरवलाच नाय, तेका काय झाला कोण जाणा," आणि दारात आलेला पोदेर पावाची टोपली तशीच डोक्यावर घेऊन ऐकत उभा राहिला.

अक्का कधी तक्रार करायची नाही. तिचं एकच मागणं होतं. साडूभाऊंनी अर्धा तालुका विकला, पण त्यांची स्वतःची अशी हातभर जमीन नव्हती, आणि म्हणून अक्काची तुळस रंगाच्या रिकाम्या डब्यात होती. दारातलं वृंदावन घरमालकाचं, त्यात त्याचीच तुळस. घरमालक खोल्या रिकाम्या करायला सांगे, मग अक्का तो डबा मांडीवर घेऊन टेंपोत बसे आणि नव्या भाड्याच्या घरात जाई. दर वेळी मुळं दुखावत, तुळस मरे, आणि ती कुठून तरी नवं रोप आणून त्याच डब्यात लावी. "आपल्या जाग्यात एक तुळस," एवढंच ती म्हणायची. हे तिने एकदाही चिडून म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि त्यामुळेच साडूभाऊंना ते जास्त लागायचं.

तर या बुडव्या लोकांवर साडूभाऊंनी एक अक्सीर उपाय काढला. कमिशनचं कागदावर लिहून द्या म्हटलं की विकणारा दुखावून म्हणायचा, "आमच्यात विश्वास नाय काय?" तेव्हा त्यांनी कागदाचा नाद सोडला आणि राखणदाराला मध्ये घेतलं. आमच्याकडे जमिनीचं काहीही करायचं असलं, की राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण गाऱ्हाणं म्हणतो, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून ही सवय अंगात इतकी मुरलेली असते, की "म्हाराजा" कानावर पडलं की तोंडातून "व्हय म्हाराजा" आपोआप निघतं, अर्थ नंतर कळतो. साडूभाऊ सौद्याआधी विकणाऱ्याला हद्दीवर न्यायचे. सोबत मला, रविवार असेल तर, व्हय म्हणायला. नारळ ठेवून, डोळे मिटून ते सुरू करायचे, "बा देवा राखणदारा, ह्या तुझा लेकरू आज ही जमीन दुसऱ्याच्या हातात देता, ता मान्य करून घे, म्हाराजा!" आम्ही म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" "घेणाऱ्याचा बरा कर, विकणाऱ्याचा बरा कर, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि मग आवाजात काडीचाही फरक न करता, "आणि दलालाचे दोन टक्के खरेदीखताच्या दिसाक हातावर ठेवची तेका बुद्धी दी, म्हाराजा!" विकणाऱ्याच्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघून जायचं. मग तो दचकून डोळे उघडायचा, पण तोवर नारळ फुटलेला असे.

हा उपाय एक-दोन पावसाळे उत्तम चालला. मग आमच्या लोकांनी त्यावरही तोड काढली. एकजण ऐन मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून आला आणि खुणेने सांगू लागला, की घसा बसलाय. दुसऱ्याने मोक्याच्या वाक्याला तोंडात पानाचा तोबरा भरला. तिसऱ्याने आपल्या जागी मेहुण्याला उभं केलं, आणि नंतर सांगितलं की व्हय मेहुण्याने म्हटलंय, त्याच्याकडून घ्या. पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे मोरजीचा एक भाटकार, माडांच्या बागांचा मालक. याच्या मालकीचं समुद्राच्या वाटेवरचं मोठं भाट साडूभाऊंनी मुंबईच्या एका पार्टीला मिळवून दिलं. त्या भाटाच्या एका टोकाला काजऱ्याचं झाड, त्याखाली राखणदाराचा दगड. साडूभाऊंनी सवयीप्रमाणे पार्टीला सांगून टाकलं, की या कोनशात, म्हणजे या कोपऱ्यात, काही बांधता यायचं नाही, हा राखणदाराचा. पार्टीने तो त्रिकोणी कोनसा सोडून बाकीचं भाट घेतलं. भाटकाराने गाऱ्हाण्यात व्हय म्हटलं होतं, तेही माझ्यासमोर, खणखणीत. त्या कमिशनातून तुयेला एका घराची जागा घ्यायचं साडूभाऊंनी ठरवलं होतं, आणि अक्काने त्या जागेवर तुळस कुठल्या दिशेला येईल तेही बघून ठेवलं होतं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

खरेदीखत झालं. भाटकार म्हणाला, "मी काय नाय म्हणूक नाय. पण देवासमोर कबूल केलंय, तर देवाकच विचारतंय." आणि त्याने ग्रामदेवतेच्या देवळात प्रसाद लावला. प्रसाद म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळी गुरव बसला, भाटकार बसला, साडूभाऊ आणि मी खांबाला टेकून बसलो. कमिशन द्यावं का, या प्रश्नाला उजवी पाकळी पडली. साडूभाऊंनी हात जोडले. भाटकार म्हणाला, "उजवी दिल्यान, व्हय. पण कितके ता खंय सांगल्यान?" मग दोन टक्के द्यावे का, असं विचारलं. पाकळी हलेना. दीड द्यावे का? हलेना. एक? पाकळ्या जागच्या जागी. हवा अशी दमट होती, की त्या दिवशी देवाने मनात आणलं असतं तरी पाकळी पडली नसती. भाटकार मात्र दर वेळी माझ्याकडे पाहून हताशपणे मान हलवायचा, जणू त्याची द्यायची केवढी इच्छा आहे, देवच अडवतोय. दुपार झाली. गुरव पेंगू लागला. साडूभाऊंची सहनशक्ती, जी मी आयुष्यात कधी संपलेली पाहिली नव्हती, ती संपली आणि ते खांबापासून उठून ओरडले, "मगे देवा, तो राखणदाराचो कोनसोच माका देवक सांग, म्हणजे मिटला एकदाचा, म्हाराजा!"

आणि उजवी पाकळी पडली.

भाटकार इतक्या जोरात "व्हय म्हाराजा!" म्हणाला, की गुरव जागा झाला. साडूभाऊ तोंड उघडं ठेवून देवाकडे पाहत राहिले. देवासमोर मागितलेलं आणि देवाने दिलेलं, आता नाही कसं म्हणणार? बाहेरून आलेल्या कुणी म्हटलं असतं, की पाकळी वाळली आणि पडली. पण साडूभाऊंनी सगळ्या तालुक्याला ज्या देवाच्या साक्षीने बांधलं होतं, त्याला ते स्वतः कसे मोडणार? परत येताना स्कूटरवर ते एकच वाक्य बोलले, "मास्तरानू, उपरोधान बोल्लंय, ता देवाक कळूक नाय." भाटकाराने मात्र त्या कोनशाचे कागद आठवड्याच्या आत करून दिले. आयुष्यात त्याने इतक्या लवकर काही केलं नसेल.

घरी अक्काने ऐकून घेतलं. तुयेची जागा हातची गेली होती आणि बदल्यात मोरजीचा असा त्रिकोण आला होता, ज्यात देवचाराशिवाय कुणाला राहता येत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे आता आमी देवचाराचे भाडेकरू काय?" आणि आत गेली. दोन दिवस स्वयंपाकघरात फक्त हरमलचा आवाज येत होता. त्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नाला मात्र ती सकाळी डबा मांडीवर घेऊन मोरजीच्या बसमध्ये बसली. साडूभाऊ स्कूटरवरून मागोमाग गेले. त्या कोनशात, काजऱ्यापासून थोडं अंतर ठेवून, साडूभाऊंनी चार चिरे रचून मातीने सांधून एक वृंदावन उभं केलं. ते एका बाजूला कललेलं होतं. गवंडीकामाचा त्यांना गंधही नव्हता. अक्काने डब्यातली तुळस काढून त्यात लावली आणि डबा समुद्रात फेकायला निघाली, तेव्हा साडूभाऊंनी तो तिच्या हातातून घेतला आणि देवचाराच्या विड्या भिजू नयेत म्हणून त्यात ठेवल्या. घर पेडण्यात आणि तुळस मोरजीत, अशी व्यवस्था साऱ्या गोव्यात यांचीच असेल. एरवी शेजारची एक कोळीण तिला पाणी घालायची, आणि अमावास्येला हे दोघं जाऊन गाऱ्हाणं घालायचे. ते गाऱ्हाणं मी ऐकलंय. साडूभाऊ म्हणायचे, "ज्येंनी दिला तेंचा बरा कर, ज्येंनी नाय दिला तेंचाय बरा कर, ते परत विकूक येतले, म्हाराजा!" आणि अक्का हसत हसत "व्हय म्हाराजा" म्हणायची.

मग भोवताली हॉटेलं उठली आणि तो त्रिकोण एका हॉटेलच्या फाटकाच्या नेमका आड यायला लागला. हॉटेलवाल्याने त्यासाठी जो आकडा सांगितला, त्यात तुयेला जागाच काय, घरही झालं असतं. आणि याच वेळी घरमालकाने पेडण्याच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, कारण त्याचा बोटीवरचा मुलगा लग्न करून परत येत होता. साडूभाऊ थकले होते. दमा वाढला होता. त्यांनी कोनसा विकायचं ठरवलं. राखणदार त्याच्याच दगडाखाली राहील, बाजूने फक्त वाट जाईल, तुळस तेवढी उचलावी लागेल, असं त्यांनी मला समजावलं, किंवा स्वतःला समजावलं. हॉटेलच्या बाजूने मोबाईलवाला एक तरुण एजंट होता. आणि काय सांगावं, विकणारे होताच आमच्या साडूभाऊंची भाषा एका रात्रीत बदलली. त्या पोराला ओटीवर बसवून ते म्हणाले, "दोन टक्के? तू काय भायलो? तू घरचोच मरे!" मी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेलो. पोरगा बिचारा खूश झाला होता.

गाऱ्हाण्याला आम्ही सगळे कोनशात जमलो. एजंट, साडूभाऊ, अक्का, मी. तुळस तोवर अक्काच्या खांद्याएवढी झाली होती आणि वृंदावन आणखी कललं होतं. साडूभाऊंनी चपला काढल्या, नारळ ठेवला, डोळे मिटले. "बा देवा राखणदारा, तुझी ही लेकरां हो कोनसो दुसऱ्याच्या हातात देतत, ता मान्य करून घे, म्हाराजा!" माझ्या तोंडून सवयीने निघालं, "व्हय म्हा..." आणि मी थांबलो, कारण माझ्या शेजारी आवाज नव्हता. ज्या गाऱ्हाण्याला मफलर बांधल्याशिवाय कुणाला गप्प बसता आलं नाही, त्याला अक्का नुसती ओठ मिटून उभी होती. साडूभाऊंनी डोळे न उघडता पुन्हा म्हटलं, जरा हळू, "मान्य करून घे, म्हाराजा." समुद्राचा आवाज येत होता. अक्का तुळशीकडे बघत म्हणाली, "घरा काय, बदलतत. ह्या तुळशीक आता मी उपटूचंय नाय."

साडूभाऊंनी डोळे उघडले. मला वाटलं ते समजावतील. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? आजोबांच्या जमिनी, माहेरच्या जमिनी, शपथा घातलेल्या जमिनी त्यांनी लोकांना गोड बोलून विकायला लावल्या होत्या. पण ते अक्काकडे बघून हसले, असे हसले की त्यांना खोकला लागला. मग त्यांनी नारळ फोडला आणि अर्धी वाटी त्या तरुण एजंटाच्या हातावर ठेवली. "घे बाबा, तुझा कमिशन. माका कोणी इतक्याय दिल्ल्या नाय."

पेडण्याच्या खोल्या सुटल्या. ती दोघं तुयेला कारखान्यांच्या मागे दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेली, हरमल, पार्से आणि धारगळसकट. तिथेच एका पावसाळ्यात साडूभाऊ गेले. त्यांच्या दिवसांना तालुक्यातले सगळे विकणारे आले होते. पांढऱ्या कपड्यांत, गाड्या घेऊन, डोळे पुसत. मोरजीचा भाटकारही काठी टेकत आला आणि मला म्हणाला, "घरचो माणूस गेलो मास्तरानू." मला राग यायला हवा होता, पण त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

अजून अमावास्येला अक्का मोरजीची बस धरते. मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, मीही जातो, व्हय म्हणायला कुणीतरी हवं. आता गाऱ्हाणं ती घालते. चपला काढून, साडूभाऊंसारखेच डोळे मिटून, मागे हॉटेलातलं संगीत चालू असताना. "ज्येंनी दिला तेंचा बरा कर," ती म्हणते, "ज्येंनी नाय दिला तेंचाय बरा कर, म्हाराजा." पुढचं वाक्य ती म्हणत नाही. त्या वाक्याची जागा रिकामी ठेवून ती थोडी थांबते, आणि मग मी म्हणतो, "व्हय म्हाराजा."